डाव्या चपलेचा आवाज

पंजाबरावदादा,
जय भीम.

परवा उंद्रीला तुमच्या दारातून परतलो तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. डॉक्टरांनी समजावलं ते तुम्हीही ऐकलं. जनुकाच्या दोन प्रती असतात, आपल्या बहिणीची, कलाची एक बिघडली आहे, आणि तेवढीच गप्प करणारं औषध चाचणीत आहे. बिघडलेली कोणती हे ओळखायला हाच आजार असलेल्या भावंडाचं रक्त लागतं. चाचणीत आधाराशिवाय चालणारेच घेतात. कला अजून चालते. पुढच्या महिन्याचं सांगवत नाही.

तुम्ही म्हणालात, "मले काऊन ओढून राह्यला बे? माह्या मयुरीची सोयरीक तुटन. माहे फक्त गुडघे दुखतात."

दादा, मी तीस वर्षं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. बेअरिंग गेलेलं न खोलता, आवाजावरून सांगतो. तुमचं पाऊल बाबांसारखं घासत पडतं, हे मी दारातच ऐकलं. त्या चालीवरून बाबांना गाव दारुडा म्हणायचं. त्यांनी थेंबही घेतला नव्हता.

इथवर रागानं लिहिलं आणि पाणी प्यायला उठलो. दुकानातल्या मोटारी बंद होत्या. पाऊल टाकताच डावी चप्पल घासल्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर दुकानात मी एकटाच.

हे पत्र टाकत नाही. उद्या कलाला घेऊन मीच रक्त द्यायला जातो. मयुरीच्या लग्नात माझी चाल पाहून कोणी दारुडा म्हणालं, तर तेवढं गप्प बसू नका.

तुमचा धाकटा,
सुखदेव
मलकापूर