देवाजी ड्रायव्हरची पायी गाडी

चिचटोला, ता. सिंदेवाही
६ जुलै २०२५

चि. नंदिनीस,
बाबांचा सप्रेम जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

परवा तुझा फोन आला होता. मी उचलला, बोललोही. पण तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही आणि मी काय म्हणालो ते अख्ख्या टोल्याला कळलं. तेव्हा आपलं हे पत्राचंच बरं आहे. एसटीच्या केबिनमध्ये इंजिनाशेजारी जन्म गेला, कान माझ्याआधीच रिटायर झाले, त्याला कोण काय करणार?

बातमी अशी की मी पुन्हा गाडीवर चढलो आहे. घाबरू नकोस, गाडीला चाकं नाहीत.

इथली शाळा चौथीपर्यंत, पुढची पोरं फाट्यापर्यंत पायी जातात आणि तिथून एसटीने सिंदेवाहीला, हे तुला सांगायला नको. तू त्याच रस्त्याने शिकलीस. उन्हाळ्यात नाल्याजवळ मोह वेचणाऱ्या एका बाईवर वाघिणीने झडप घातली. बाई वाचली, पण रस्त्याची दहशत बसली. शाळा उघडली तेव्हा पोरांना बापांनी सायकलवर सोडलं, पोरींचं नाव कोणी काढेना. तलावात मासे धरतो तो इस्तारी, त्याची दिव्यानी यंदा दहावीला आहे. तो तर सरळ म्हणाला, पोरीले वाघाच्या तोंडात कायले धाडू, घरी राहीन त रांधाले तरी शिकन. सावली गावाकडचं एक स्थळही त्याने मनात धरून ठेवलं आहे म्हणतात.

विहारात सभा भरली होती. सगळे वाघिणीवर बोलत होते, पोरींवर कोणीच बोलेना. मला राग आला. मी उभा राहिलो आणि जाहीर केलं की उद्यापासून देवाजी ड्रायव्हरची पायी गाडी सुटेल. सकाळी हातपंपापासून, संध्याकाळी फाट्यावरून. पुढे मी. मागे कंडक्टर म्हणून तुझी मनकर्णा आत्या, हातात वाजवायला जर्मनची थाळी. मधे पोरी. नियम एसटीचेच. चालत्या गाडीतून उतरायचं नाही आणि गाडी थांबली तरी कंडक्टरने सांगितल्याशिवाय जागा सोडायची नाही. फक्त गप्प बसायला बंदी, कारण जंगलात माणसाचा आवाज हवा. मी मंडईच्या जत्रेतल्या नाटकांची जुनी भाषणं म्हणत चालतो. पोरी हसतात. हसण्याचाही आवाज होतोच.

पहिल्या दिवशी दिव्यानी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली. इस्तारी लांबून बघत होता.

जावईबापूंना जयभीम सांग. लोभ आहेच, तो फाट्यावर न थांबता घरापर्यंत येऊ दे.
तुझा,
बाबा

पुणे
१७ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
नंदिनीचा सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून मी आधी हसले. मग कुलदीपला वाचून दाखवलं, तो हसला. त्याला हसताना पाहिलं आणि मला रडू आलं. बाबा, दिवाळीत तुम्ही इथे होतात तेव्हा कुकरच्या शेजारी बसून पेपर वाचत होतात. सात शिट्ट्या झाल्या, डाळ जळाली, शेजारीण धावत आली, आणि तुम्ही मला विचारलंत की आज स्वयंपाकाला उशीर का. असा माणूस जंगलात सगळ्यांच्या पुढे!

माकड खोकललं की पाय थांबव, चितळ ओरडलं की मागे फिर, हे मला तुम्हीच शिकवलंत. आता माकड खोकललं तर तुम्हाला कोण सांगणार?

दिवाळीत तपासणी केली होती, त्याच मापाचं कानाचं यंत्र कुरिअरने पाठवते आहे. घालायचं. पोरींनी घरी बसावं असं मी म्हणणार नाही, माझीही शाळा त्याच रस्त्याने झाली. पण मला बाप एकच आहे, हे तुमच्या गाडीच्या नियमांत कुठेतरी लिहून ठेवा.

आत्याला नमस्कार. थाळी जोरात वाजव म्हणावं. लोभ वाढवावा, धाडस कमी करावं.
आपली,
नंदिनी

चिचटोला
२ ऑगस्ट २०२५

चि. नंदिनीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

यंत्र पोचलं. कानात घातलं तर कोणी शेजारी बसून कागद फाडतंय असं वाटलं. पाहतो तर माझ्याच पायजम्याचा आवाज. मग तुझी आत्या स्वयंपाकघरात काहीतरी पुटपुटत होती, ते ऐकू आलं. इतकी वर्षं मी समजत होतो की ती चूल पेटवताना गाणं म्हणते. ते गाणं नव्हतं, आणि सगळं माझ्याबद्दल होतं. घरातली शांती राहावी म्हणून मी यंत्र काढलं. शिवाय पावसात ते भिजवायचं नाही म्हणतात आणि इथे पाऊस उघडेना. तेव्हा ते तांदळाच्या डब्यात कोरडं ठेवलं आहे.

तू काळजी करू नकोस, मी दुसरी सोय केली आहे. जुन्या गाड्यांत छताला घंटीची दोरी असायची ना, तशी लांब दोरी आणली. एक टोक माझ्या मनगटाला, दुसरं आत्याच्या हातात, मधे सगळ्या पोरींनी धरायची. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. कानाचं कामच उरलं नाही. पाचवीतल्या उर्वशीची चप्पल रोज निसटते, त्यामुळे रोज एकदा तरी गाडी थांबते आणि मी रोज एकदा रागावतो. पोरी आता दोरीशिवाय चालायला तयार नाहीत. दिव्यानी तर जाताना पाठांतर करते आणि येताना बाकीच्यांचं पाठांतर घेते.

धानाचं रोवणं आटोपत आलं. बांध्या हिरव्यागार झाल्या आहेत. तुझ्याकडे काय भाजी मिळते ते लिही.

माया असू दे, रागही थोडा असू दे.
बाबा

चिचटोला
१४ सप्टेंबर २०२५

चि. नंदिनीले मनकर्णा आत्याचा जयभीम. मी चौथीवाली, अक्षरं वाकडी असतीन त तूच सरळ करून वाच.

सांगू नको म्हणून तुह्या बापानं मले दम देल्ला, म्हणूनच लिहून राह्यली. पायी गाडीले वाघीण भेटली. सारे सलामत आहेत, हे आदी वाच, मंग बाकीचं वाच.

नाल्याले लय पानी होतं. असा खळखळाट का माही थाळी मलेच ऐकू येत नव्हती. रस्त्याच्या बाजूले गवतात ते बसून होती. आर्धी गाडी तिच्या समोरून निंगून गेल्ती, कोनाचं ध्यान नाई. मले दिसली. ओरडाले तोंड उघडलं, आवाजच निंगेना. हातानं मात्र दोरी एकडाव ओढली.

गाडी थांबली. पोट्ट्याईनं पाह्यलं. पन नंदू, एकबी पोट्टी पळाली नाई. गाडी थांबली त जागा सोडाची नाई, हे त्याईच्या अंगात भिनलं होतं. दोरी धरून उभ्या. दिव्यानीनं उर्वशीचं तोंड आपल्या ओढनीत झाकलं होतं. पळाल्या असत्या त काय झालं असतं ते मी लिहीत नाई.

अन तुहा बाप! त्याले वाटलं उर्वशीची चप्पल निसटली. मांगं न पाहता त्यानं जो गळा काढला, का कोनं घंटी ओढली, हे गाडी हाये का बैलबंडी, टाइम-टेबल काय तुमच्या घरचं हाये. नाल्याचं पानीबी त्या आवाजाखाली दबलं. वाघीण उठली. सभेत भाषण लांबलं का मेंबर लोक उठून जातेत, तशी झाडीत निंगून गेली. मंग मी दोनडाव ओढली. फाट्यावर साऱ्या पोट्ट्या एकदम रडाले लागल्या, तवा हा इचारते का एवढं काय बोललो मी, काऊन रडून राह्यल्या.

त्याच सांजी इस्तारी घरी आला. ज्याले ऐकूच येत नाई त्याच्या मांगं पोरगी कशी धाडू, म्हणे. दिव्यानीची शाळा बंद केली. बाकीच्याईनंबी तसंच केलं. तुहा बाप रोज सकाळी हातपंपापाशी जाऊन उभा रायते अन एकटाच वापस येते. मले पाहवत नाई.

याले तूच काई लिही. माया ठेवजो.
तुही आत्या

पुणे
२२ सप्टेंबर २०२५

ती. बाबांस सविनय जयभीम. वि. वि.

आत्याने सगळं लिहिलं. तिच्यावर रागावू नका.

मी घाबरले, बाबा. ऑफिसात कामाला बसते आणि मला ते गवत दिसतं. गाडी बंद करा आणि इथे या, हे वाक्य मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कारण तुम्ही इथे आलात की दिव्यानीची दहावी संपली, हे मलाही कळतं. आणि ते यंत्र तांदळाच्या डब्यात आहे हेही मला कळतं, आणि मग मला तुमचा इतका राग येतो की काही सुचत नाही.

काय करावं ते तुम्हीच ठरवा. पण ठरवताना माझा विचार पहिला करा, दुसरा नको.

तुमचीच,
नंदिनी

चिचटोला
१२ ऑक्टोबर २०२५

चि. नंदिनीस उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझा विचार पहिला केला. यंत्र डब्यातून काढलं, कानात घातलं आणि तलावाच्या पाळीवर इस्तारीकडे गेलो. त्याला म्हटलं, तुझं बरोबर आहे. त्या दिवशी मनकर्णाच्या गळ्यातून आवाज निघाला असता तरी मला ऐकू आला नसता. ज्याचे कान गेले त्याच्या हातात गाडी देऊ नये, हे मी डेपोत दुसऱ्यांना कितीदा सांगितलं, स्वतःला सांगायचं राहिलं. आता पुढे तू चाल. तलावात मासा उडाला तर कोणता ते तू आवाजावरून सांगतोस, तुझ्यासारखे कान टोल्यात कोणाचे नाहीत. तो जाळं नीट करत राहिला. मले टाइम कुठी हाये भाऊ, एवढंच बोलला. मी घरी आलो. खरं सांगतो नंदू, त्या दिवशी मी म्हातारा झालो.

दुसऱ्या दिवशी मी हातपंपावर गेलोच नाही. मी नाही हे पाहून दिव्यानी आपल्याकडे ओसरीवर आली, खुंटीवरची दोरी घेतली, दारोदार जाऊन पोरी गोळा केल्या आणि दोरीचं पुढचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधून निघाली. आत्या थाळी घेऊन मागे धावली. इस्तारीने तलावातून पाहिलं आणि तो पाण्यातून तसाच बाहेर आला. खांद्यावर जाळं, अंगावरून पाणी गळतंय, आणि पोरीला हाका मारतोय, वापस ये म्हणून. पोरीने मागे न बघता उत्तर दिलं की चालत्या गाडीतून उतराचं नसते, बा. आत्या सांगते, तो धावत पुढे गेला. तिला वाटलं आता मारतो. त्याने दोरी सोडवून आपल्या मनगटाला बांधली आणि तसाच ओला फाट्यापर्यंत चालला.

त्या दिवसापासून ड्रायव्हर इस्तारी. पण तो मुखदुर्बळ, तोंडातून शब्द निघत नाही. चौथ्या दिवशी मला बोलावणं आलं की मधे येऊन चाला, आवाज कमी पडून राह्यला. आता माझं पद हॉर्न. पगार तोच, म्हणजे काही नाही. गेल्या रविवारी साऱ्या गावाने श्रमदान करून नाल्याजवळचं गवत आणि झुडपं दोन्ही बाजूंनी साफ केली. वनरक्षकही कुऱ्हाड घेऊन आला होता. बायांनी तिथेच भात रांधला. पाऊस नसला की यंत्र कानात असतं. काल माकड खोकललं, ते इस्तारीनंतर मलाही ऐकू आलं.

दिवाळीला येशील तेव्हा पायी गाडीत बसायचं आहे. तुझ्यावर लोभ आहे, तसाच आमच्यावर ठेव.
बाबा

चिचटोला
१९ मार्च २०२६

चि. नंदिनीस व जावईबापूंस जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

काल दिव्यानीचा दहावीचा शेवटचा पेपर झाला. पोरींना आणायला आम्ही फाट्यावर उभे होतो. मोह गळायला लागला आहे, सगळीकडे त्याचा वास. चहाच्या टपरीवर बरीच माणसं होती, कारण काल सिंदेवाहीचा बाजार होता. इस्तारी माझ्याजवळ सरकला. बराच वेळ पायाने माती उकरत राहिला. मग रस्त्याकडे बघत, अगदी हळू, तोंडातल्या तोंडात म्हणाला की भाऊ, आपली गाडी अकरावीलेबी चालन का?

यंत्र माझ्या कानात होतं. शब्द न् शब्द ऐकू आला. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी दुसरीकडे पाहिलं.

मग कानामागे हात धरला आणि विचारलं, काय म्हणतोस? त्याने जरा मोठ्याने सांगितलं. मी मान हलवली, नाही ऐकू आलं. टपरीवरची माणसं बघायला लागली. एवढ्यात एसटी येऊन थांबली, कंडक्टरने दार उघडलं, दिव्यानी पॅड छातीशी धरून पायरीवर आली. मी पुन्हा कान पुढे केला. तेव्हा इस्तारी वैतागला आणि जन्मात कधी ओरडला नसेल असा ओरडला, का माही पोरगी अकरावीले जानार हाये, गाडी बंद करू नोका!

साऱ्या फाट्याच्या माना वळल्या. सावलीकडच्या स्थळाचा मामाही टपरीवर चहा पीत होता, त्यालाही ऐकू गेलं. दिव्यानी पायरीवरच उभी राहिली.

मग मात्र मला ऐकू आलं.

लोभ असावा, आणि तो जरा मोठ्या आवाजात असावा.
तुझा,
बाबा