ओहायोतल्या शेताची निरवानिरव

मी, लहू भिवाजी गोंडाणे, वय ७२, मूळचा भंडारा जिल्ह्याचा, हल्ली राहणार ओहायो. धंदा शेती, मध्यंतरी इथल्या राज्य विधानसभेचा सदस्य. डोकं ठिकाणावर असताना, कोणीही भरीस न घालता, माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवतो.

१. शेतजमीन व ट्रॅक्टर शेजारी डेल हचिन्स याने हयात असेपर्यंत कसायला वापरावेत. त्यानंतर दोन्ही माझी मुलगी संघमित्रा हिचे. डेलने तिन्ही निवडणुकांत आपल्या अंगणात माझ्या विरोधकाची पाटी लावली. पण माझी पत्नी रत्ना वारली तेव्हा उभं सोयाबीन त्यानेच न विचारता काढून दिलं. आभार मानायला गेलो, तर म्हणाला, "लहू, तुझं राजकारण चुकीचं आहे. सोयाबीनचं काय चुकलं?"

२. घर, बँकेतली शिल्लक व रत्नाचे दागिने संघमित्राचे. ती म्हणते, "बाबा, सगळं सेल करा आणि प्लेनोला या." टेक्सासात तिच्याकडे जाऊन पाहिलं. दोघं ऑफिसात, नातू शाळेत. दिवसभर मी आणि टीव्ही. परत आलो. पोरी, राग नाही.

३. विधानसभेतली नावाची पितळी पाटी मोडीत द्यावी. सभापती शेवटपर्यंत मला 'गोंडेन' म्हणाले. समारंभांत भेटले की त्यांना दुरुस्त करणारी रत्नाच होती. ती गेल्यावर मीही सोडून दिलं.

४. निवडून आलो तेव्हा मराठी मंडळाने सत्कार केला. पडलो, त्या वर्षी दिवाळीचं आमंत्रणही आलं नाही. सत्काराची शाल अध्यक्ष अनिल बर्वे यांना परत करावी. घडी मोडलेली नाही.

५. अंत्यविधीला त्रिशरण-पंचशील म्हणावं. कोणी जमलं नाही तर संघमित्राने एकटीने म्हणावं. तिला पाठ आहे.

साक्षीदारांविषयी, सह्या झाल्यावर लिहिलेलं: डेल व संघमित्रा लाभार्थी, म्हणून चालत नाहीत. ज्या मतदारसंघाने दोनदा निवडून दिलं, तिथे फोन केले. कोणाला सवड नव्हती. आज टपाल द्यायला आलेल्या मार्लीनला विचारलं. तिने अंगणातली गॅसची टाकी भरायला आलेल्या टॉडला हाक मारली. दोघांना मजकूर इंग्रजीत सांगितला. टॉड सही करून गेला. मार्लीनने सही करून विचारलं, "चहा मिळेल?" मी आधण ठेवलं. ती खुर्ची ओढून बसली. रत्ना गेल्यापासून या टेबलाशी दुसरं कोणी बसलं नव्हतं.

सही: लहू भिवाजी गोंडाणे
साक्षीदार: मार्लीन कूपर, टॉड व्हीलर
ठिकाण: राहतं घर, ओहायो
दिनांक: १९ नोव्हेंबर २००७