काही सुटता कामा नये

सोमवार, ४ मार्च

लागले बाई एकदाची नोकरीला! पाच वर्षं घरी बसून माझी भाषा ‘जेव, झोप, रडू नको’ एवढ्यावर आली होती, आणि आता थेट लेखनिकेची खुर्ची. वन्संनी, म्हणजे माझ्या नणंदेने, इथे शब्द टाकला. त्या या कंपनीत पहिल्यापासून आहेत, अॅप तपासायचं काम बघतात. यांची बदली लांब झाल्यापासून घरात आम्ही तिघीच: वन्सं, मी आणि माझी चार वर्षांची लेक. पाळणाघर ऑफिसच्या मागच्या गल्लीत. सहाच्या आत दोघींपैकी एकीने जाऊन तिला आणायचं, असं ठरलंय.

दुकानदारांना घरबसल्या माल मागवून देणारं अॅप. गेल्या वर्षी बारा माणसं होती, आज एकशेचाळीस. दोघेजण तर लॅपटॉप मांडीवर घेऊन जिन्यात बसतात. मालक कधी खाली टेकत नाही, जेवतोसुद्धा उभ्याने. पाठीमागे सगळे त्याला घाईसाहेब म्हणतात. त्याने चालता चालताच काम सांगितलं. जुन्या माणसांच्या डोक्यात जे जे आहे ते लिहून काढायचं, म्हणजे नव्यांना विचारत फिरावं लागणार नाही. काही सुटता कामा नये. थोडक्यात, एकेकाशेजारी बसून गप्पा मारायच्या! याहून मला काय हवं?

शुक्रवार, ८ मार्च

पहिला माणूस लिहून झाला. सर्व्हर सांभाळणारे काका. वय अडतीस, पण बाकीची सगळी पंचविशीच्या आतली, म्हणून काका. एक्क्याण्णव पानं! कुठलं मशीन कधी रुसतं, कुठली चूक कुणी झाकून ठेवली, सगळं आलं. शेवटी त्यांनी आळस दिला आणि डोकं कसं हलकं झालं म्हणाले. घाईसाहेबांनी सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं. मी घरी येऊन ते तीनदा सांगितलं, वन्संनी तीनदा ऐकलं.

बुधवार, १३ मार्च

काकांनी आज मला विचारलं की मशीन बंद पडलं तर आधी काय करायचं. मला! मी हसून त्यांचंच पान उघडून दिलं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले की ज्याने कुणी सांगितलंय तो माणूस हुशार दिसतो. थट्टा असेल. पण चेहरा थट्टेचा नव्हता. दिवसभर जिवाला चैन नाही, बसले की उठावंसं वाटतं. वन्सं म्हणाल्या, कामाचा ताण, दुसरं काय.

मंगळवार, १९ मार्च

आता वन्संची पाळी. त्यांची स्मरणशक्ती म्हणजे घरात दहशत. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी दूध उतू घालवलं, ते त्यांना अजून तारखेसकट पाठ आहे.

अॅप तपासायला खोटे ग्राहक लागतात. वन्संनी त्या सगळ्यांना माझ्या लेकीचं नाव दिलंय, पुढे नुसते आकडे, एक ते चारशे. असं का, तर म्हणाल्या की हे नाव मीच ठेवलं ना, दिवसातून शंभरदा टाइप करताना बरं वाटतं. मला भरून आलं. मग तेही लिहून घेतलं, त्यांच्याच शब्दांत.

गुरुवार, २१ मार्च

वन्संचं लिहून झालं. संध्याकाळी त्या पाळणाघरात गेल्या आणि हात हलवत परत आल्या. मी त्यांना घेऊन धावत गेले. येताना लेकीने आत्याचं बोट धरलं. वन्सं तिच्याकडे बघून हसल्या आणि मला हळूच म्हणाल्या की गोड आहे हो, नाव काय ठेवलंत हिचं?

मी रस्त्यातच बसकण मारली.

शुक्रवार, २२ मार्च

ती पानं वन्संना वाचायला दिली. वाचून समजलं म्हणाल्या. परक्याला समजतं तसं. मग फाईलच पुसून टाकली — काही परत आलं नाही. माझ्या हाताने झालं हे. माझ्या हाताने.

घाईसाहेबांना गाठलं. ते म्हणाले की मग अडलंय कुठे, काम तर चाललंय. खरंच चाललंय. काका पान उघडतात, करतात. कुणी कुरकुरत नाही. सोमवारी चाळीस नवे येणार, आणि मला म्हणाले की आता तुमचंही लिहून टाका.

सोमवार, २५ मार्च, दुपार

लेकीला पाळणाघरात सोडून राजीनामा देऊन आले. वन्संनाही हाताला धरून घरी आणलं. घरभर फेऱ्या मारतेय. मीही विसरले तर? म्हणून मागच्या पानावर सगळं नोंदवून ठेवलं. पाळणाघराची वाट, यांचा नंबर, लेक कुठल्या कुशीवर झोपते, कशाला घाबरते, तीळ कुठे आहे. लिहून झाल्यावर जरा बरं वाटलं. डोकं हलकं झालं.

साडेपाच

चपला घालून दारात उभी — डावीकडे की उजवीकडे?

आत येऊन मागचं पान बघितलं. वाट लिहिलेली आहे. अक्षर माझं. मग पहिलं पान उघडलं. कुणी बाई नोकरी लागली म्हणून नाचतेय. मजेशीर लिहिते. ही मी?

म्हणजे ही वहीसुद्धा —

सहाला दहा कमी

वाट वाचत जाईन. पोचेन. पण तिथे कुणाला न्यायला आलात विचारतात, नाव सांगावं लागतं. चेहरा — आठवत नाही. तीळ डाव्या गालावर, असं लिहिलंय.

नाव आहे. अजून आहे. वन्संच्या फाईलमधलं त्यांच्या डोक्यातलं होतं, माझ्या डोक्यातलं मी कुठेच लिहिलेलं नाही. लिहायचं नाही. तोंडाने घोकायचं. घोकतेय — पण घोकता घोकता सैल होतंय — वाटेत निसटलं तर पोरीला काय म्हणून हाक मारू? वन्सं विचारतायत, तुम्ही कुठे निघालात —

पूर्ण नाही लिहायचं. नुसतं पहिलं अक्षर. एका अक्षराने काय होणार आहे, आधाराला नुसतं पहिलं अक्षर, म्हणजे वाटेत —