भरलेला तांब्या

सोलापूर,
ता. ९ डिसेंबर १९३६

तीर्थस्वरूप आण्णांस,

धाकट्या येडूचा पायांवर डोकं ठेवून दंडवत. इकडे मी आणि फुलाबाई, आम्ही दोघं नवरा-बायको बरी आहोत. वहिनी, पोरं, मेंढरं सुखरूप असतील. होटगीला आता थंडी पडली असेल, रुळावर कामाला जाताना घोंगडं घेत जा. अक्षर डाव्या हाताचं आहे, सांभाळून वाचा. दुसऱ्याकडून लिहून घेता आलं असतं, पण हा मजकूर दुसऱ्याला सांगण्याजोगा नाही.

फुलाबाई आता विड्या वळायला जाते. हात चांगला बसलाय तिचा.

परवा आपल्या गावचा बिरप्पा बाजारात भेटला. माझ्या भरपाईच्या अपिलासाठी तुम्ही मेंढरं विकायला काढलीत, म्हणाला. दवाखान्याच्या दारात जाऊन डॉक्टरांना "गिरणीवाल्यांनी तुला इकत घेतलं" असं चारचौघांत बोललात, तेही कळलं. आण्णा, मेंढरं विकू नका. डॉक्टरांनी माझ्याच बाजूने सांगितलं होतं. गिरणीच्या पट्ट्यात सापडलेल्या मनगटात पुन्हा जोर यायचा नाही, याच्याने कापड विणायचा साचा चालायचा नाही, असं ते भरपाईच्या कोर्टात साहेबांपुढे स्पष्ट म्हणाले.

तुम्हाला मी "साहेबानं ऐकलं न्हाय" एवढंच सांगितलं. ते खरं नाही.

त्या दिवशी टेबलावर पाण्याचा भरलेला तांब्या होता. गिरणीच्या वकिलाने तो माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "उचल." आपल्या वकिलाने मला आधीच बजावलं होतं, जमेल तेवढंच कर, उगाच जोर लावू नको. मी बोटं लावली. कळ आली, तसा हात मागे घेतला. तिथेच थांबलो असतो तर काम झालं असतं, आणि त्यात खोटंही काही नव्हतं.

तेवढ्यात तो वकील हसत म्हणाला, "याला बायको घास भरवते म्हणे." माणसं हसली. तालमीतला हरिबा बाकावर बसला होता, तोही हसला. फुलाबाई दाराशी उभी होती, तिने मान खाली घातली. मग मला काय झालं कुणास ठाऊक. दात खाऊन तांब्या उचलला, छातीपर्यंत नेला आणि तसाच धरून उभा राहिलो. वर म्हणालो, "बगा की! हाय का न्हाय जोर?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा खांद्यापर्यंत आग लागली होती. बोटं मिटेनात. फुलाबाईने पदराने घाम पुसला.

सगळ्यात वाईट सिद्धाप्पाचं झालं. पट्ट्याचं त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. जॉबर मुकादमाने दम दिला तरी तो साक्षीला आला. आता त्याचे साचे दुसऱ्याला दिलेत. कुणी गैरहजर असला तर त्याच्या बदलीचं काम मिळावं म्हणून तो रोज गिरणीच्या फाटकाशी उभा असतो. मला पाहिलं की तोच आधी विचारतो, "हात कसा हाय रे?" म्हणून मी त्या रस्त्याने जात नाही.

काल जेवताना फुलाबाईने घास पुढे केला, मी तोंड फिरवलं. तेव्हा इतक्या दिवसांनी ती त्या गोष्टीबद्दल बोलली.

"त्या लोकांसमोर तुमाला माजी लाज वाटली व्हय?"

"तुजी न्हाय. माजी मलाच."

"मग आण्णांना लिवा. मेंढरं गेल्यावर लिवून काय उपेग?"

म्हणून आज सकाळी आधी डॉक्टरांकडे गेलो. तुमच्या बोलण्याची माफी मी मागितली. ते म्हणाले, "ते राहू दे, हात दाखव." बराच वेळ दाबून पाहिला. थोडं सुधारत होतं, तेही त्या उचलण्याने गेलं म्हणाले. अपिलात काय सांगणार, आण्णा? भरल्या कोर्टात मीच आपल्या तोंडाने सांगून बसलोय.

आता सिद्धाप्पाच्या घरी निघालोय. तिथे काय बोलायचं ते अजून सुचत नाही.

तुम्ही शिव्या घालाल, त्या घाला, पण उत्तर लिहा. आशीर्वाद मागायला आज तोंड नाही.

अजून आपला म्हणत असाल तर, आपला धाकटा
येडू