दगडावरची कोरी जागा

करुणा,

आईच्या कबरीवर दगड बसवायला जातो आहे. पाळकसाहेबांना सांग, आज मी उपासनेला येणार नाही. वरण-भात झाकून ठेवला आहे.

तू निवडलेलं बायबलातलं ईयोबाचं वचन मी कोरू दिलं नाही. फक्त नाव आणि तारखा घातल्या. धंतोलीच्या दवाखान्यात तिला तोच अध्याय वाचून दाखवायचो. देवानं दिलं, इथपर्यंत वाचायचो आणि देवानं नेलं, तिथं थांबायचो. ती म्हणायची, "वाचा ना जी, थांबता काहून?" मला पुढचं वाचवलं नाही. अजूनही वाचवत नाही.

नावाखाली दोन ओळींची जागा कोरी ठेवली आहे. मला न थांबता वाचता आलं, की कोरून घेऊ. नाहीतर माझं नाव घालशील तेव्हा तू कोरून घे.

बाबा