जाताना एक, येताना दुसरा

मुंबई
१२ नोव्हेंबर १९७८

ती. बाबांस जयभीम.

कार्ड मंगळवारी मिळालं. मी बरी आहे. शफीकचाचांचं अक्षर तसंच आहे, चहाचा डाग तेवढा नवा. हे पत्रही तेच वाचून दाखवतील. चाचा, सलाम. खालचं काही वगळू नका.

बाबा, तुम्ही कळवलंत, "दोनी गुडघे एकाच खेपेत बदलून टाक म्हना डाक्टरले. दोनदा कायले कापून घेऊ?" खाली चाचांनी आपलं जोडलं, "तुझा बाप लय घाई करून राह्यला. जऊळक्याच्या गाडीले येवढी घाई असती तर!"

एकदम केलं तर भूल एकदाच, मुक्काम एकच. हे खरं आहे. पण रक्त जवळजवळ दुप्पट जातं. हाडातली चरबी फुप्फुसात जाण्याचा, पायात रक्ताची गाठ होऊन ती वर सरकण्याचा धोका वाढतो. तुमचा अकोल्याचा कार्डिओग्राम इथल्या सर्जननी पाहिला. हृदय दमलेलं आहे. निर्णय त्यांनी तुमच्यावर सोडलाय.

मी रक्तपेढीत काम करते, एवढंच तुम्हाला माहीत आहे. ऑगस्टमध्ये एका गृहस्थांचे दोन्ही गुडघे एकदम केले. रक्ताच्या सहा बाटल्या मी जुळवल्या होत्या. नंतर नोंदी पुन्हा तपासल्या, दोनदा. सहाही बरोबर होत्या. चौथ्या दिवशी ते उठून बसले, मुलीशी बोलले आणि गेले.

मुलगी माझ्याच वयाची होती.

काल जऊळक्याचं क्वार्टर आठवलं. रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या हातोड्यानं ठोकत तुम्ही सकाळी निघायचात. मी एकदा विचारलं होतं, "बाबा, दोनी रूळ संगच काहून नाई पाहत?"

"दोनीकडं पाह्यलं का एकाची ढिली चावी सुटते, पोरी. जातानी एक, येतानी दुसरा."

दुपारी लांबून हातोड्याचा आवाज आला, की आई तवा ठेवायची. मी दारात उभी राहायची.

आई गेल्यावर तुम्ही कधी इकडे आला नाहीत. मीही बोलावलं नाही.

उजवा आत्ता करू. डावा सहा महिन्यांनी. म्हणजे तुम्हाला दोनदा माझ्याकडे राहावं लागेल. त्यासाठीच मी धोके मोजून दाखवते आहे, असं तुम्हाला वाटेल. धोके खरे आहेत.

तुम्हाला वाटेल, तेही खरं आहे.

येतानाच्या रुळाकडे कान लावून असलेली,
तुमची
पंचफुला