पाठराख्याची बहीण

खडकी, पुणे
६ जानेवारी २००२

श्यामदादा,

वर ‘तीर्थरूप’ लिहावं की नुसतं नाव, या विचारात सकाळ गेली. शेवटी लहानपणी जी हाक मारायचे तीच लिहिली. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचे गुडघे थंडीत धरतात, बाकी तिचं बरं चाललंय. मामींचा दमा कसा आहे? त्यांना पहाटे अंगणात बसू देऊ नकोस, सांगितलं तर मुलाचंही ऐकणार नाहीत, तरी सांग. वहिनींना नमस्कार.

तू पाठवलेली साडी पोचली. तू काढलेल्या मालिकेचे लेखक श्रीनिवासराव स्वतः घेऊन आले होते. शनिवार पेठेतून खडकीपर्यंत स्कूटरवर आले, पाणी प्यायले, आणि विचारलं, ‘मालिका बघता का आमची?’ मी म्हटलं, बघते. ‘बघूनही आम्हाला घरात घेतलंत, म्हणजे सोशिक आहात,’ म्हणाले. माणूस मला आवडला.

‘पाठराखा’ सगळी खडकी बघते. मी मॉरिशसहून परत आले तेव्हापासून आमच्या दारावरून मान वळवून जाणाऱ्या बायका आता आत येऊन बसतात. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मला चार घरची आमंत्रणं आहेत. टीव्हीवर दाखवलं की तुरुंगसुद्धा सोवळ्यात येतो, हे मला माहीत नव्हतं. माझं काम करणारी ती उल्का गुणी मुलगी आहे. फार रडते, पण छान रडते. आम्हाला तिथे एवढं रडायला वेळ नसायचा, कपडे शिवायचे असत.

तुझं काम करणारा नट उंच आहे. तो बहिणीसाठी शेत विकतो, वकिलांचे पाय धरतो, तुरुंगाच्या दाराशी पावसात उभा राहतो, वरचेवर विमानानं जातो येतो. तू आला होतास एकदाच. पण लेखकाला सोय बघावी लागते, मी समजू शकते. आणि बॅग देणारा तो दाढीवाला गोरा. सहारच्या विमानतळावर मला असा कुणी भेटलेला आठवत नाही. असेलही. इतकी वर्षं झाली.

बाबांचा फक्त फोटो दाखवलाय, हार घातलेला. पहिल्या भागापासूनच. बाबांबद्दल या पत्रात मी काही लिहीत नाही.

तर, तुझ्या निरोपाचं उत्तर. शेवटचा भाग कोथरूडच्या सभागृहात लोकांसमोर चित्रित होणार आणि तिथे खऱ्या बहिणीनं खऱ्या भावाला ओवाळायचं, हे मला मान्य आहे. निवडणुकीच्या तोंडावर हे का, असं आईनं विचारलं. मी म्हटलं, आई, वारजे महापालिकेत आलं, दादाला पक्षानं तिकीट दिलं, घरचा माणूस मोठा होतोय, आपण मागे राहायचं का? आई माझ्याकडे बघतच राहिली.

माझं मागणं फार नाही. मामींना पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी बसव. नणंद-भावजय कितीतरी वर्षांत शेजारी बसलेल्या नाहीत. वारज्याच्या जितक्या बायका आणता येतील तितक्या आण, टेम्पो कर. आणि मला भाषण लिहून देऊ नका. ओवाळून झालं की दोन शब्द मी माझ्या मनानं बोलेन. पाठ केलेलं माझ्या तोंडी शोभत नाही.

जुनं उगाळत बसायचं वय राहिलं नाही आता. साडी नेसूनच येते.

मंदा


खडकी, पुणे
२ फेब्रुवारी २००२

श्यामसुंदर,

तू सासुरवाडीला साताऱ्याकडे आहेस असं कळलं, म्हणून पत्र त्या पत्त्यावर. थंडी तिकडे जास्त असेल. वहिनी माहेरी आहेत म्हणजे सुखात असतील.

तू पेपरवाल्यांना सांगितलंस की तुरुंगात माझ्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्या दिवशी मी भ्रमात बोलले. म्हणून काय झालं ते नीट लिहून पाठवते. शिवाय तू मध्येच निघून गेलास, त्यामुळे पुढचं तुला ऐकीवच असणार.

सभागृह तू भरलं होतंस. मी नाही. वारज्याच्या बायका टेम्पोंतून आल्या होत्या, प्रत्येकीच्या मांडीवर तू वाटलेला स्टीलचा डबा होता. तू फेटा बांधून खुर्चीवर बसलास. उल्कानं ताट माझ्या हातात दिलं, तिचे डोळे आधीच भरले होते. मी तुला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. माझा हात कापला नाही, ते कॅमेऱ्यात आहे. मग माइक घेतला.

मी फार बोलले नाही. मी म्हटलं, मालिकेत बॅग देणारा माणूस विमानतळावर भेटतो. मला बॅग वारज्याच्या घरात मिळाली. आमचं लोकनृत्याचं पथक मॉरिशसला चाललं होतं, तिथल्या मराठी लोकांच्या उत्सवात लेझीम करायला. माझ्याकडे पत्र्याची ट्रंक होती. माझ्या मामेभावाला तिची लाज वाटली. तो तेव्हा परदेशी टेपरेकॉर्डर विकायचा, त्याच्या ओळखी होत्या. त्यानं मला मरून रंगाची नवी बॅग दिली आणि म्हणाला, माझी बहीण ट्रंक घेऊन विमानात चढणार नाही. मॉरिशसला उतरल्यावर बाकीच्या मुली बाहेर गेल्या आणि मला थांबवलं. माझ्यासमोर त्यांनी अस्तर कापलं. आतून ब्राउन शुगर निघाली.

एवढं सांगून मी तुला विचारलं, ‘दादा, ते अस्तर कुणी शिवलं?’

तू हसलास. माझ्या हातातून माइक घेतलास आणि लोकांना म्हणालास, माझ्या बहिणीनं फार भोगलंय, तिला सांभाळून घ्या. चांगला बोललास. लोकांना पटलंही होतं. मागे एकदोघींनी डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, झालं, हा यातूनही सुटला. माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं. ना कागद, ना साक्षीदार. मला फक्त एवढंच हवं होतं की तुझ्या मतदारांनी ते एकदा माझ्या तोंडून ऐकावं.

मामींचं मला माहीत नव्हतं, हे देवाशपथ सांगते. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवायला सांगितलं ते त्यांना लाज वाटावी म्हणून. त्या उठतील असं मनातही नव्हतं. धाप लागत होती त्यांना, आईनं हाताला धरलं. माइकची गरज पडली नाही, इतकी शांतता होती.

‘बॅग माझ्या घरात व्हती,’ त्या म्हणाल्या. ‘माळ्यावर ठेवली व्हती त्यानं. म्या झाडायला म्हून हात लावला तर अंगावर धावून आला. दुसऱ्या दिशी तीच पोरीला दिली. म्या तवाच वळखलं, कायतरी हाय. पोटचा हाय म्हून गप ऱ्हायले.’

तू ‘आई, बस खाली’ म्हणालास. त्या बसल्या नाहीत. मग तू विंगेत गेलास आणि मागच्या दारानं बाहेर. इथपर्यंत तुला माहीत आहे.

पुढे आरडाओरडा झाला नाही. तुझ्या नावानं कुणी शिव्या दिल्या नाहीत. वारज्याची सोजरबाई उठली, तुमच्या मळ्याच्या शेजारची. हळूहळू पायऱ्या चढून स्टेजवर आली आणि तिनं तुझा डबा तुझ्या खुर्चीवर ठेवला. मग दुसरी आली, मग रांगच लागली. खुर्ची भरली तसे खाली ठेवू लागल्या. बराच वेळ सभागृहात फक्त डब्यांचा आवाज येत होता. कॅमेरावाल्यानं श्रीनिवासरावांना विचारलं, बंद करू का. ते म्हणाले, ‘बंद करायला निर्मात्यांनी सांगायला हवं. ते दिसले तर विचार.’

तुझं तिकीट गेलं ते तुला कळलंच असेल. मालिकेचा शेवटचा भाग दाखवला नाही, त्या वेळेला आता स्वयंपाकाचा कार्यक्रम असतो. मी पोलिसांत जबाब दिला. अधिकारी सज्जन होते. म्हणाले, बाई, गुन्हा परदेशातला, तुमची शिक्षा भोगून झालेली, इतक्या वर्षांनी हाती काय लागणार? मी म्हटलं, मला ठाऊक आहे, तरी लिहून घ्या. तू तुरुंगात जाणार नाहीस. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. तुरुंगाचं तसं मला काही वाटतच नाही आता.

तू म्हणशील, मग एवढं कशासाठी? अकरा वर्षं गेली त्यासाठी? नाही. ती मी स्वतः तोंड मिटून गमावली. तू जाळीपलीकडे उभा राहून म्हणालास की माझं नाव घेतलंस तर माझे वडील तुझ्या वकिलाला एक पैसा देणार नाहीत, गप राहिलीस तर वर्षात सोडवतो. पहाऱ्यावरच्या बाईचे आजे-पणजे रत्नागिरीकडून उसाच्या कामाला तिकडे गेलेले होते. तिला मोडकं मराठी यायचं. तू गेल्यावर तिनं मला विचारलं, ‘तुझो भाऊ, का घाबरतो?’ मी म्हटलं, बहीण तुरुंगात आहे, घाबरणारच. मी तुझी बाजू घेतली. तेव्हा माझा विश्वास होता. म्हणून त्याचा सूड मी घेत नाही.

आता बाबांचं लिहिते.

परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी आई चहा गाळत होती. गाळता गाळता तिनं सहज विचारलं, ‘तो मुलगा कोण होता गं?’ मी म्हटलं, कोणता मुलगा? तिनं गाळणं खाली ठेवलं. मग तिनं सगळं सांगितलं. मॉरिशसहून येऊन तू थेट आमच्या क्वार्टरवर आलास. बाबांना बाजूला घेऊन म्हणालास की मंदानं माझ्यापाशी कबूल केलंय, एका मुलाच्या नादानं तिनं जाणूनबुजून नेलं, आता तुम्ही तिला लिहू नका, तिथे पत्रं वाचतात, केस बिघडेल.

जयसिंगराव म्हणजे सगळ्या कॉलनीची पत्रं लिहून देणारा माणूस. ज्याला लिहिता येत नाही त्यानं आमच्या ओट्यावर यायचं, अशी रीत होती. त्या माणसानं स्वतःच्या मुलीला एक ओळ लिहिली नाही. फॅक्टरीतल्या लोकांच्या नजरेला नजर देता येईना म्हणून खातं सोडून गेटवर बदली मागून घेतली. माझी पत्रं यायची ती आई शेजारच्या मुलीकडून वाचून घ्यायची, आणि ते उठून बाहेर जायचे. आई समजूत घालायची तेव्हा एकच म्हणायचे. ‘मला नाही सांगितलं तिनं. श्यामला सांगितलं.’

चौथ्या वर्षी ते गेले. मी तिकडे तुरुंगाच्या शिवणखात्यात बसून त्यांच्यासाठी सदरा बेतत होते, सुटल्यावर न्यायला. मला वाटायचं, रागावलेत, मी भेटले की जाईल राग. मी निर्दोष आहे हे त्यांना कुणी सांगण्याचीही गरज नव्हती, फक्त तू खोटं बोलायला नको होतंस. गप्प बसला असतास तरी त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला असता. तेवढीसुद्धा तसदी तू घेतली नाहीस, उलट येऊन सांगितलंस.

हे मी स्टेजवर बोलले नाही. मतदारांचा त्याच्याशी संबंध नव्हता.

आता शेवटचं. मामी आमच्याकडे आहेत. त्या दिवशी सभागृहातून आमच्याच रिक्षात बसल्या, वारज्याला जायचं नाव काढलं नाही. दम्याचं औषध मी आणून देते, डॉक्टर जवळ आहेत, काळजी करू नकोस. दिवसभर दोघी भाजी निवडतात आणि तुझ्या-माझ्या लहानपणच्या गोष्टी बोलतात. मी मशीनवर असते. फोन माझ्या मशीनशेजारीच आहे.

पहिले काही दिवस मामी रोज विचारायच्या, श्यामचा फोन आला का. मी सांगायचे, नाही. तू रोज करत होतास. मी आवाज ओळखते आणि ठेवते. परवा तू रडत होतास, आईशी एकदा बोलू दे म्हणालास. तेव्हाही ठेवला.

काल मामींनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, आला होता मामी, माझ्याशी बोलला. म्हणाला, त्या बाईनं भर सभेत माझा गळा कापला, मला आई नाही, मेली तरी कळवू नका.

तू असं काही बोलला नाहीस. मला माहीत आहे.

मामींनी ऐकून घेतलं. मेथीची जुडी अर्धी राहिली होती, ती निवडून पुरी केली. आज त्यांनी विचारलं नाही. उद्याही विचारणार नाहीत. आईला सगळं कळलंय. ती माझ्याशी बोलत नाही, आणि मामींना सांगतही नाही. मला वाटलं होतं, असं करून मनाला लागेल. अजून तरी लागलेलं नाही.

तुला इथे यावंसं वाटेल. येऊ शकतोस. तुझ्या आईच्या पाया पडून सांगू शकतोस की मंदा खोटं बोलली, मी असं म्हणालोच नाही. सांगून बघ. तुझ्या शब्दावर त्यांचा किती विश्वास उरलाय ते तुलाच कळेल. माझ्या बाबांना विचारायला कुणाकडे जायची सोय नव्हती, तुला ती आहे. तेवढा फरक मी ठेवलाय.

दार मीच उघडते.

जयसिंगरावांची मुलगी,
मंदाकिनी